हात मांडीवर

पिंप्राळा, जळगाव
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रिय मिसबाह,

चार वर्षांत तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत, त्याची आधी माफी मागते. दर ईदला तुझा मेसेज यायचा, "मॅडम, कशा आहात?" आणि मी फुलाचं एक चित्र पाठवून मोकळी व्हायचे. कामात होते असं लिहिता आलं असतं, पण ते खरं नाही. तुला तोंड दाखवायचं टाळत होते. सकाळपासून तीन कागद फाडले, हा चौथा. फोन केला असता, पण तू "असू द्या ना मॅडम" म्हणून मध्येच थांबवलं असतंस, आणि मी थांबलेही असते.

आपला शनिवारचा वर्ग आठवतो? दारावर 'रोजगारक्षम कौशल्ये' असा कागद चिकटवलेला. पहिल्या सराव-मुलाखतीत मी म्हटलं, स्वतःबद्दल सांग. तू सरळ म्हणालीस, "मी गनी पिंजाऱ्याची मुलगी. चिमूटभर कापूस बोटांनी ओढून पाहिला की धागा किती लांब, कोरडवाहू की बागायती, ते सांगते." मागच्या बाकावरून दीपक ओरडला, "मॅडम, ही मुलाखतीला गादी घेऊन जाईल, साहेब तिथेच झोपतील!" वर्ग हसला. तूही हसलीस. मीही हसले, ते अजून टोचतं. नंतर तुझ्या बायोडेटातली 'वडिलांबरोबर नऊ वर्षे कापूस निवडण्याचे व पिंजण्याचे काम' ही ओळ मी लाल पेनने खोडली आणि वर 'संघभावना, नेतृत्वगुण' असं लिहिलं. बसायचं कसं तेही दहादा करून घेतलं. पाठ ताठ, हात मांडीवर, टेबलावरच्या कशालाही हात लावायचा नाही.

तुझा पाच वर्षांचा आराखडा अजून माझ्या फाईलमध्ये आहे. बाकी सगळ्यांनी 'मॅनेजर' लिहिलं होतं. तू लिहिलं होतंस, आधी जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या प्रतवारीला मदतनीस, मग स्वतः प्रत ठरवणारी, आणि पाचव्या वर्षी जळगावात एक लहान दुकान, जिथे शेतकऱ्याला त्याच्या कापसाची खरी प्रत सांगायची. पाटीवर अब्बूंचं नाव. त्याखाली माझा शेरा आहे, 'ध्येय मोठे ठेवा.' वाचून आज मलाच माझी लाज वाटते.

मग धुळ्याजवळच्या जिनिंगमधल्या त्या जागेची मुलाखत. तू परत आलीस आणि म्हणालीस, "सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं मॅडम." निवड झाली नाही. चार दिवसांनी तुझी मुलाखत घेणाऱ्या गिरधरभाऊंना मी फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, पोर हुशार शे, पन तिनी कापूसले हातच लावा नही!" टेबलावर तीन प्रतींच्या कापसाचे तीन ढीग त्यांनी मुद्दाम मांडले होते. कोण आपणहून हात घालतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. कापूस तुझ्यासमोर वीतभर अंतरावर होता, आणि तू हात मांडीवर ठेवून नेतृत्वगुणांबद्दल बोलत होतीस.

हे मला तेव्हाच कळलं होतं, मिसबाह. आज नाही.

त्याच संध्याकाळी अब्बू कॉलेजात आले. दुकानातून तसेच निघालेले, भुवयांवर कापसाचे तंतू. म्हणाले, "मॅडम, पोरीत काय कमी पडलं तेवढं सांगा. आपण भरून काढू." मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आत्मविश्वास." त्यांनी विचारलं, "ते शिकवायचा क्लास असतो का?" मी हो म्हणाले आणि तुला माझ्याच वर्गात तीन महिने पुन्हा बसवलं. तू आलीस, पाठ ताठ, हात मांडीवर. वीस वर्षं मी रोजनिशी लिहिते, तिच्यात कुणाशी खोटं बोलत नाही असा माझा समज होता. काल ते पान काढलं. 'मिसबाह. निवड नाही. कारण: आत्मविश्वास.' गिरधरभाऊंच्या फोनचा उल्लेखही नाही.

तेव्हापासून मी अब्बूंच्या दुकानावरून जात नाही, मागच्या गल्लीने स्कूटर काढते. गेल्या महिन्यात मात्र अब्बू गेल्याचं कळलं आणि आले. तुझ्या अम्मी माझा हात धरून म्हणाल्या, "शेवटपर्यंत बोलायचे, मिसबाहमध्ये सगळं आहे, तेवढं एक कमी राहिलं. मॅडम बोलल्या होत्या." तू चहा आणलास. मी चहा प्यायले आणि उठले.

दारापर्यंत सोडायला तुझे यजमान फैसल आले. त्यांनी सांगितलं की धुळ्याच्या सूतगिरणीत कापूस तपासायच्या दोन जागा निघाल्या आहेत. तुमच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून तू तेवीस मुलींचे अर्ज भरून दिलेस, स्वतःचा भरला नाहीस. "विचारलं तर म्हणते, माझ्यात आत्मविश्वास नाही. पक्कं डोक्यात बसलंय तिच्या." मुदत १४ नोव्हेंबरपर्यंत आहे, हेही ते म्हणाले; म्हणजे या शुक्रवारपर्यंत. त्यासाठी हे पत्र. ते तुझ्या डोक्यात बसलेलं माझं खोटं आहे. तुझ्यात काही कमी नव्हतं. तू मी शिकवलं ते तंतोतंत केलंस, म्हणून ती जागा गेली. सोबत तुझा जुना बायोडेटा पाठवते आहे. खोडलेली ओळ खाली निळ्या पेनने पुन्हा लिहिली आहे. अर्ज भर, ती ओळ त्यात घाल. आणि टेबलावर कापूस असला तर कुणाची वाट न बघता हात घाल. मला माफ कर असं लिहीत नाही. ज्यांनी मला विचारलं होतं, ते ऐकायला उरले नाहीत.

तुझीच,
किरण मॅडम

(रोजनिशीत, त्याच रात्री)
उद्या: पुढच्या रस्त्याने, दुकानावरून, मिसबाहच्या घरी जाणे आणि तिच्या अम्मींना हे सगळं तोंडाने सांगणे.