ओटीवरचा पहिला वर्ग

प्रिय ताई,

आधी एक चूक दुरुस्त करते, नाहीतर मला पुढचं काही लिहवणार नाही. मागच्या पत्रात आपल्या कॉलेजचा इतिहास पाठवला, त्यात पहिला वर्ग मिठाच्या गोदामात भरला असं लिहिलं होतं. ते खरं नाही. पहिला वर्ग आपल्या ओटीवर भरला, आणि शिकवायला तू होतीस. बाबा सगळीकडे गोदाम म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिलं. त्या पहिल्या वर्गातल्या गोदूमावशीला वाचून दाखवलं तर ती खवळलीच. "गोदामान काय उंदीर शिकत व्हते गो? आमी तुमचे ओटीवर बसलो!"

मी तर तिथेच असायचे, ताई. शाळेच्या नुसत्या नावाने मला ताप यायचा, म्हणून पहिली दोन वर्षं तूच मला घरी शिकवलंस. मिठागरावरून आलेल्या बायका पाय धुऊन बसायच्या, मी मावशीच्या मांडीला टेकून त्यांच्याबरोबर अक्षरं गिरवायचे. त्याला कोणी वर्ग म्हणेल असं मला वाटलंच नव्हतं. मला ते आपलं घर वाटायचं.

गोदाम नंतर आलं, मग पत्र्याची शेड, आता तीन मजले. मासळीच्या शीतगृहाचं काम, रुग्णसेवा, बंदरातली कागदपत्रं, सगळं शिकवतो. केसर आठवते? शिवणाच्या वर्गात सुई मोडणारी? ती आता फोर्कलिफ्ट चालवते, आणि मुलांना दम देऊन शिकवते. मी पहिल्या मजल्यावर मराठी शिकवते. शाळेच्या नावाने ताप यायचा, तीच मी.

एक गोष्ट मात्र तू ठरवलीस तशीच आहे. अमावास्या-पौर्णिमेला सुट्टी. उधाणाचं पाणी मिठागरात घ्यायचं असे, त्या दिवसांत बायका यायच्या नाहीत. तू रागावलीस की मावशी म्हणायची, "पानी थांबाचा नाय, तुजी शाला थांबल." आता मिठागरांवर भराव पडला, कंटेनर उभे आहेत, तरी सुट्टी तीच. परवा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा कुठल्या देवाचा उपवास? नव्या शिक्षकांना सांगता येईना. मला येत होतं, पण सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं आणि शेजारी अध्यक्ष म्हणून बाबा बसले होते. मी साहेबांपुढे चहा सरकवला.

बाबा गोदाम का म्हणतात, ते मला तेव्हा कळलं. ओटी म्हटलं की लोक विचारणार, शिकवत कोण होतं? आपण आगरी, कमलेशभावोजी कोळ्यांचे, म्हणून तू त्यांच्याशी लग्न करून गेलीस त्या दिवसापासून बाबांनी तुझं नाव घेतलेलं नाही. पण घरात ओटीवर ते स्वतःही बसत नाहीत, मागच्या दाराने येतात-जातात. हे तुला फोनवर सांगता आलं नसतं. फोनवर तू "बाबा कसे आहेत?" विचारतेस आणि मी "बरे आहेत" म्हणून फोन ठेवते.

बावीस जानेवारीला नव्या इमारतीचा कार्यक्रम आहे. इतिहास मी वाचायचा आहे. काल बाबांना सांगितलं, मी ओटी म्हणणार आणि विनिता दत्तात्रेय म्हात्रे हे नावही घेणार. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "गोदामच म्हण." मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं, ताई. ते मला अडवतील की उठून जातील, माहीत नाही. पण तुझं नाव मला नुसतं हवेत उच्चारायचं नाही. तू समोर बसलेली हवीस, मावशीच्या शेजारी. बोलावणं पाठवलं तर तू कारणं सांगशील, म्हणून पाठवत नाही. आगरदांड्याहून सकाळच्या पहिल्या बोटीने मी स्वतः दिघीला तुला न्यायला येते आहे, बुधवारी, एकवीस जानेवारीला.

तुझीच धाकटी,
शिवानी