पिसांची माफी

देरा, दुबई
१२ नोव्हेंबर १९६४

प्रिय झुबेदा,

सलाम. मी ठणठणीत आहे आणि माझी कंपनीतली स्टोअरकीपरची नोकरी गेली आहे. दोन्ही खरं आहे. तुझ्या अब्बांच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाण्याआधी तू माझ्याकडून ऐक.

आमचा इंजिनियर फिंच साहेब गेल्या शुक्रवारी मला फुजैराच्या डोंगरात मासे धरायला घेऊन गेला. हसू नकोस, तिथल्या एका दरीत झरा वाहतो, तळाचे गोटे मोजावेत इतका स्वच्छ, आणि त्यात बोटभर मासे असतात. साहेबाच्या मुलखातल्या ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा असतो म्हणे. गळाला पिसं बांधून, माशी बसल्याचं सोंग करून त्याला फसवतात, धरतात आणि पुष्कळदा परत सोडून देतात. इथे ट्राउट कुठला? पण गावाच्या आठवणीने माणूस काय काय करतो, हे मला कुणी शिकवायला नको.

आदल्या दिवशी त्याने गळांची डबी माझ्याकडे दिली, सामान साफ करून ठेव म्हणाला. मी दालदी, जन्माचा मासे मारणारा. पिसांचं ते सोंग मला तेव्हा ठाऊक नव्हतं; पिसं अडकलेले ते गळ बघून मलाच लाज वाटली. बाराच्या बारा ब्लेडने खरवडून लख्ख केले, वर आमिषाला सुकी कोळंबीही बरोबर बांधून घेतली. झऱ्यावर डबी उघडली आणि साहेब एकेक उघडा गळ उचलून बघत राहिला. ती पिसं त्याच्या वडिलांनी बांधलेली होती, आणि वडील आता नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून माफी मागितली, अगदी मनापासून.

मग दिवस फुकट जाऊ नये म्हणून मी दोऱ्याला कोळंबी लावून बसलो. तीन वर्षांनी बोटाला ओढ लागली, झुबेदा! पाऊण तासात सात मासे. साहेब आला नि म्हणाला, सगळे पाण्यात सोड, हे मासे धरणं नव्हे, चोरी आहे, तुम्ही लोक अशीच चोरी करता. गंमत म्हणून माशाचं तोंड फाडणारा माणूस, असेच मासे धरून मला वाढवणाऱ्या माझ्या बापाला चोर म्हणणार? मी ते तिथेच निखाऱ्यावर भाजले आणि त्याच्यासमोर खाल्ले. एक त्याच्यापुढेही ठेवला. त्याने घेतला नाही.

शनिवारी निरोप आला, लेखी माफी दे, नाहीतर खलास. खोलीतले सगळे मागे लागले, दोन ओळी खरडायला तुझं काय जातं? पिसांची माफी मी मागितली होती. माशांची मागणार नाही. आपल्या गावच्या यूनुसची इथे होडी आहे, आता तिच्यावर जाळं ओढतो. तळहात सोलून निघालेत, पण झोप छान लागते.

मासे मारणाऱ्याला मुलगी देणार नाही, ही तुझ्या अब्बांची अट. त्या अटीपायीच मी इथे आलो आणि इस्त्रीचा शर्ट घालून स्टोअरमध्ये बसलो. ईदनंतर निकाह होईपर्यंत तोंड बंद ठेव, असं यूनुस म्हणतो. नाही ठेवणार. हे पत्र अब्बांना तूच वाचून दाखव. काझींच्या वहीत माझ्या नावापुढे 'कंपनीत नोकरी' नको, 'मच्छीमार' लिहायला सांग. मी ईदनंतर येतोच आहे. तो शब्द सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला जाईल, आणि तो ऐकूनही तुला कबूल म्हणावंसं वाटलं, तरच म्हण.

तुझाच,
कमरुद्दीन