पाया पडले, पाय टेकला नाही

आबा, मी कोण ते आधी सांगते, नाहीतर जिवंतपणी करायचात तसं सगळ्या भावंडांची नावं घ्याल आणि माझं काही तुमच्या तोंडात येणार नाही. मी तुमची सायकलवरची पोरगी. लिहून घेतेय माझी नात. मला अक्षर कुठलं यायला? शाळेच्या वाटेवरून उचलून तुम्हीच मला सीटवर बसवलंत. तेव्हा गावोगाव तो खेळ चालायचा: मैदानात बांबूंचं रिंगण, वर भोंगा, आणि आत एक माणूस दिवसेंदिवस सायकल फिरवतोय. जेवण सायकलवर, आंघोळ सायकलवर, डुलकीसुद्धा सायकलवर. जमिनीला पाय टेकला की खेळ संपला. आधी आत भाऊ असायचा; त्याचा घोटा मोडला आणि तुम्ही मला आत ढकललंत. कडेकडेनं चालत शिकवायचात, "टाळ्या पडल्या की पाय सैल सोड. लोक जोर करायला लावतात अन् घरी जाऊन झोपतात. फेरे मोजू नको, पुढचा बांबू बघ." रडले तर म्हणायचात, "रड, पण पायडल मारत रड." लोकांचे बाप डोळे पुसतात म्हणे.

देवळाली कॅम्पच्या बाजारामागचं ते मैदान आठवतंय? खेळ निम्म्यावर आलाय, माझ्या मांड्यांचे दगड झालेत, आणि रिंगणात पाहुणे शिरताहेत. मला बघायला. तारीख तुम्हीच दिलेली, विसरलातही तुम्हीच. मुलगा जवळच द्वारका चौकात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता, घर पक्कं होतं. मला त्या घरात जायचं होतं हो, जिथं चूल रोज उचलावी लागत नाही. मुलाची आई पदर खोचून माझ्या चाकाबरोबर चालू लागली. "स्वयंपाक येतो का गं?" "येतो." "पुरणाचा?" हे विचारेस्तोवर मी पुढं गेलेली. उत्तर पुढच्या फेऱ्याला दिलं. माणसं हसून बेजार. शेवटी ती दमून उभी राहिली. "पोर बरी हाय. उतर आता, पाया पड, म्हणजे ओटी भरते." तुम्ही भोंग्यापासून ओरडलात, "उतरायचं नाय!"

जमिनीवरचा रुमाल उचलायची युक्ती तुम्हीच शिकवलेली. मी चाक इतकं हळू केलं की पडायचंच बाकी होतं. वाकले, दोन बोटं तिच्या पावलांना लावली, आणि सरळ झाले. पाय टेकला नाही. बाई म्हणाली, "उद्या भाकऱ्याबी सायकलीवरच थापशील, बये!" ओटीचा नारळ पिशवीत परत गेला. आणि तुम्ही काय केलंत? माईक धरलात. "बघा मंडळी, पाया पडली, पण पाय टेकला नाय!" एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलं असतं. पण पुढच्या प्रत्येक गावात, पार सुरगाण्यापर्यंत, तुम्ही कुणीतरी बाई रिंगणात उभी केलीत आणि मला तिच्या पाया पडायला लावलंत. माझं मोडलेलं लग्न तुम्ही खेळात घातलंत, आणि वर विचारायचात, "तोंड का पाडलंस गं?"

लग्न पुढं झालं, एका जीपवाल्याशी. तो अंथरुणाला खिळला तेव्हा मी दिवस मोजले नाहीत, नुसता पुढचा बांबू बघत राहिले. सकाळचं औषध, दुपारची पेज, मग कूस बदलायची. शेजारणी म्हणायच्या, कुठून आणतेस एवढा धीर. मी तुमचं नाव सांगितलं नाही, सांगणारही नाही. तुमची शिकवण कामाला आली, याचाच मला जास्त राग येतो.

हे पत्र नात घडी करून डब्यात ठेवील, टपालात टाकणार नाही. म्हणून एक सांगून टाकते. त्या दिवशी तुमचं ओरडणं मला ऐकूच आलं नव्हतं. भोंग्यावर गाणं लागलेलं होतं. तुम्ही ओरडलात हे मला मागाहून लोकांनी सांगितलं. उतरले नाही ते माझी मी.

तिकडून काही पाठवायचं सुचलंच, तर नागलीचे पापड पाठवा. कच्चे पाठवा. भाजायचं माझं मी बघेन, तुमच्या हातून करपतात.