तांबड्या ठिपक्याची काडतुसं

मंगळवार, १३ ऑक्टोबर

कालच्या पानावर चूक आहे. ‘माझं काडतूस रायफलीत अडकलं’ असं मी लिहिलं. बाबा ओरडले आणि मी मान्य करून टाकलं! आज ते उजेडात नेऊन पाहिलं. काडतुसं आम्ही दोघं घरीच भरतो, आणि माझ्या प्रत्येक काडतुसाच्या बुडाला नेलपॉलिशचा तांबडा ठिपका असतो. याला नाही. म्हणजे हे बाबांनी भरलेलं.

गोळी पितळी नळीत आत सरकली आहे. आमच्या लिव्हरच्या रायफलीत काडतुसं नळकांड्यात एकामागे एक बसतात. एक बार झाला की धक्का सगळ्यांना. नळीच्या तोंडाची कड गोळीभोवती घट्ट आवळलेली नसेल तर जड गोळी आत जाते, आणि लिव्हर मधेच अडते. तशी उडालीच, तर रायफल फुटायची भीती!

बुधवार

जेवताना बाबांना सांगितलं.

“तू जन्मायच्या आधीपासून भरतोय मी.” मग आईकडे बघून, “ही मुंगीला मोजेसुद्धा माप घेऊन घालेल!”

आई हसली. मी नाही. शाळेत न घालता गणित मला बाबांनी याच टेबलावर शिकवलं, बंदुकीची दारू तोलायला लावून. ‘शंका आली की भरलेलं उचकटायचं’ — हे कोणी शिकवलं?

शुक्रवार, १६

दोघांची काडतुसं टेबलाच्या कडेला टेकवून अंगठ्याने दाबून दाखवली. माझी गोळी हलली नाही. त्यांची आत गेली. डोळ्यांदेखत!

“टेबल मऊ आहे.”

टेबल मऊ आहे!! जाऊन लाकडं फोडत बसले.

रविवार

चर्चहून आल्यावर बाबा शेडमध्ये भरायला बसले. दारातून पाहिलं. काडतुसाचं तोंड आवळणाऱ्या प्रेसचा दांडा शेवटपर्यंत खाली येतच नाही. घोड्यावरून पडल्यापासून उजवा खांदा तिथेच थांबतो. त्यांनी डावा हातही लावला, ओठ चावला. मग मी दिसले.

“काय आहे?”

“काही नाही.”

भित्री कुठली!

सोमवार

“दांडा मी ओढते, बाकी सगळं तुम्ही करा.”

“मग एल्कही तूच मार, लिओटा. मी घरी स्वेटर विणतो.”

शनिवारी शिकारीचा हंगाम उघडतो. ते एकटे वरच्या खोऱ्यात जाणार. गेल्या वर्षी मारलेलं एल्क हरीण सोलत असताना ग्रिझली अस्वल अंगावर आलं. दुसऱ्या बाराला वळलं. दुसऱ्या!

आईला म्हटलं, बिनठिपक्याची काढून घेते, सगळी माझीच ठेवते.

“त्याला न सांगता?”

मन खातंय. पण करीन. बाबा दाराबाहेर बूट काढत होते. ऐकलं नसावं.

बुधवार, २१

त्यांचा डबा उघडला. सगळ्यांना तांबडा ठिपका! काही काठाबाहेर ओघळलेले, काही थेट माझ्यासारखे. माझ्या नेलपॉलिशच्या बाटलीचं झाकण अर्धवट लागलेलं.

आई म्हणाली, “काल दुपारभर ठिपके देत बसला होता तुझा बाबा, जीभ बाहेर काढून. मला वाटलं, तूच सांगितलंस.”

कुठलं कोणाचं, आता शपथेवर सांगता येत नाही.

उद्या ते ओझ्यासाठी खेचर आणायला जाणार. परवा सकाळी परतले की नाश्त्याच्या टेबलावर, त्यांच्यासमोर, अख्खा डबा उलटा करणार आणि एकूण एक काडतूस उचकटणार. माझीसुद्धा. नंतर पुन्हा भरू — दांडा मी ओढणार.

शुक्रवारी, २३ ऑक्टोबरला.