अजून एक आठवडा

पेलिकन बेंड, टेक्सस
२ एप्रिल

ती. ओपलताईस,
व्हर्नाचा सा. न. वि. वि.

पत्ता बघून दचकू नकोस. नेब्रास्काला तुझ्या अंगणात येऊन पडायच्या आधी एखादा मुक्काम नवा करावा, असं आमच्या नवरोबांच्या, डेलच्या मनात आलं. सहा वर्षं त्याच त्या पार्कात ट्रेलर लावून कंटाळा आला म्हणे. म्हणून हे पेलिकन बेंड. समुद्रात शिरलेला जमिनीचा एक पट्टा, त्यावर ट्रेलर लावायच्या चाळीसेक जागा, आणि यायला-जायला एकच पूल. पार्क चालवणारी बाई रोझलिंडा बोलायला फटकळ, पण मनानं चांगली दिसते. प्रत्येक जागेपुढं खांबावर एक पाटी आहे. तिच्यावर आपण कधी निघणार ती तारीख खडूनं लिहायची. आम्ही ९ एप्रिल लिहिली आहे.

आल्या आल्या एक गंमत झाली. ट्रेलर मागं घेताना मी नेहमीसारखी मागं उभी राहून हात हलवत होते. डेल पाच वेळा आत आला आणि पाचही वेळा तिरका. सगळं पार्क खुर्च्या टाकून बघायला बसलं होतं. शेवटी शेजारचा हार्लन ब्रंक उठला. निवृत्त वेल्डर आहे, एकटाच असतो. डेलनं चक्क खाली उतरून त्याला स्टिअरिंग दिलं, आणि हार्लननं एका झटक्यात ट्रेलर बसवला. जागाच वाकडी आहे, असं डेल म्हणाला. मी खूप हसले.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? त्या डॉक्टराला शिव्या देऊन झाल्या असतील, तर आता त्याच्या गोळ्याही घे.

तुझा लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
व्हर्ना

*

ऑलमंड फोर्क, नेब्रास्का
९ एप्रिल

चि. व्हर्नास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज मिळालं. म्हणजे तुमच्या पाटीवरच्या तारखेलाच. तुम्ही निघाला असाल तर हे पत्र त्या फटकळ बाईच्या फळीवर धूळ खात पडणार. चाकावरच्या घरात राहणाऱ्या बहिणीला पत्र लिहायचं म्हणजे शेपटीवर मीठ टाकून उडती चिमणी पकडण्यातला प्रकार. किती दिवस राहणार, ते आधी नक्की करून कळवत जा.

गुडघा आहे तिथंच आहे. गोळ्या घेते, शिव्याही देते.

एक विचारते, रागावू नकोस. डेलनं स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात दिलं? हा तोच डेल ना, ज्यानं माझ्या लॉइडला स्वतःच्या ट्रकच्या दाराला हात लावू दिला नव्हता? गोठ्याच्या फटीतून धान्याची गाडी उलटी काढणारा माणूस तो. जागा वाकडी असेलही. पण मला काही ते हसण्यावारी नेता येईना.

अंगण झाडून ठेवलंय. पाण्याचा नळही दुरुस्त केलाय. मे लागायच्या आत या.

वडीलधारी म्हणून आशीर्वाद देते, बहीण म्हणून वाट बघते.

ओपल

*

पेलिकन बेंड
२० एप्रिल

ती. ओपलताईस,
सा. न. वि. वि.

चिमणी अजून फांदीवरच आहे, तेव्हा मिठाची काळजी नको. पाटीवर आधी १६ झाली, मग २३, आणि आज सकाळी डेलनं ३० लिहिली. ट्रेलरच्या एका चाकाचं बेअरिंग खराब झालंय म्हणतो. सुटा भाग यायला वेळ लागणार.

थंडीपुरते आलेले आपल्याकडचे लोक निघून गेले. रोज सकाळी कुणाचा तरी ट्रक सुरू होतो, हात हलवणं होतं आणि जागा मोकळी पडते. परवा पार्कातल्या शुक्रवारच्या जेवणाला आम्ही सातजण होतो. मी बटाट्याचं सॅलड नेहमीच्या अंदाजानं केलं होतं, ते तीन दिवस खात बसलो. ऊन चढलंय. वारा पडला, की खाडीकडून मेलेल्या माशांचा वास येतो आणि धुतलेल्या चादरींनाही तो लागतो.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बारा महिने इथं राहणारे जे मोजके लोक आहेत, त्यांनी आपापले ट्रेलर ट्रकला जोडून तोंड पुलाकडं करून ठेवलेत. हार्लनला विचारलं तर म्हणाला, की मे जवळ आला की इथं असंच करायचं असतं. ऑफिसवर वादळाचा नारिंगी झेंडा चढला, की चार तासांत पूल ओलांडायचा. नंतर पुलावर पाणी येतं. हे सांगताना तो आमच्या ट्रेलरकडं बघत होता. डेलनं आमचा ट्रक सोडवून वेगळा उभा केलाय, ट्रेलर जॅकवर चढवलाय आणि पायरीशी टोमॅटोची चार रोपं लावलीत. टोमॅटो धरायला दोन महिने लागतात, हे शेतकऱ्याच्या मुलाला मी काय सांगणार?

काळजी करू नकोस. तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,

व्हर्ना

*

ऑलमंड फोर्क
२७ एप्रिल

चि. व्हर्नास,
अनेक आशीर्वाद.

आता आडपडदा ठेवत नाही. लॉइड गेला त्याच्या आदल्या वर्षी तो आपल्याच शेतातून घरी येताना वाट चुकला. तीन पिढ्यांचं शेत, घराचं छप्पर समोर दिसतंय, आणि हा बांधावर उभा. मी विचारलं तर म्हणाला, की कुंपण बघत होतो. मी ते खरं मानलं, कारण मला ते खरं मानायचं होतं. पुढं सहा महिने तो सारखा काही ना काही दुरुस्त करत बसायचा आणि कुठंही जायचं टाळायचा. बाकीचं तुला माहीत आहे.

बेअरिंग दुरुस्त करायला डेलला कधीच एका दुपारपेक्षा जास्त वेळ लागलेला नाही. तू त्याच्याकडं नीट बघ. आणि खरंच तसं काही असेल तर ट्रक चालवायला शीक. तुम्ही ट्रेलरवाल्या सगळ्या बायका मागं उभं राहून हात हलवण्यात पटाईत, पण पुढं बसायची वेळ आली तर काय करणार?

मी कठोर बोलते. कठोर नाही बोलले, तर माझ्या बहीणपणाचा उपयोग काय?

ओपल

*

पेलिकन बेंड
१४ मे

ती. ओपलताईस,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण मला राग आला होता. अजून आहे. लॉइडचं फार वाईट झालं, पण म्हणून जगातल्या प्रत्येक नवऱ्याचा लॉइड होतो असं नाही. डेल बरा आहे. आम्हाला इथं आवडतंय, म्हणून राहतोय. रोझलिंडानंच आग्रह केला. पाटीवरची तारीख आता ३१ आहे.

इतर सर्व ठीक. टोमॅटोला फुलं आली.

व्हर्ना

*

पेलिकन बेंड
१९ मे

श्रीमती ओपलताई यांस,
डेलबर्टचा स. न. वि. वि.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही, हे तुम्ही जाणता. व्हर्ना कपडे धुवायला गेली आहे, तेवढ्यात लिहितो.

तुमचं एप्रिलचं पत्र मी वाचलं. ती ते उशीखाली ठेवते. तुमचं बरोबर आहे. मे महिन्याच्या सुरुवातीला मी नुसता ट्रक घेऊन गावात बोल्ट आणायला गेलो होतो. परत येताना पुलाशी थांबलो आणि मला कळेना, की आपलं घर पुलाच्या या अंगाला आहे का त्या अंगाला. बराच वेळ तसाच बसलो. मग निघालो, तो रस्त्याच्या उलट्या बाजूनं. समोरून शाळेची बस आली. बस चालवणाऱ्या बाईनं ती शेजारच्या गवतात घातली, म्हणून सगळे वाचले. खिडक्यांतून पोरं माझ्याकडं बघत होती. एकानं मला हात केला, ताई.

त्या दिवसापासून किल्लीला हात लावलेला नाही. ती पिठाच्या डब्यात तळाशी ठेवली आहे. बेअरिंग ठणठणीत आहे. व्हर्नाला सांगतो, रोझलिंडा राहा म्हणते. रोझलिंडाला सांगतो, सोमवारी निघतो. दर आठवड्याला पाटी पुसतो आणि नवी तारीख घालतो. मी चालवू शकत नाही असं म्हटलं, की हे घर जागचं हलायचं नाही, आणि व्हर्नानं सहा वर्षांपूर्वी सगळं विकून माझ्या भरवशावर या चाकांवर संसार मांडला. तिला कोणत्या तोंडानं सांगू?

तुम्ही तिला कळवू नका. एवढी कृपा असावी.

डेलबर्ट

*

ऑलमंड फोर्क
२६ मे

चि. डेलबर्टास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून रडले, मग उठून तोंड धुतलं. तू वाईट माणूस नाहीस. पण तू जिथं बसला आहेस तिथं जून लागतोय, आणि झेंडा चढला तर तिथून तुम्हाला कोण काढणार? तुला आठ दिवस देते. तू व्हर्नाला सांग, नाहीतर मी सांगेन. तू माझ्यावर चिडलास तरी चालेल, पण जिवंत राहून चीड.

ओपलताई

*

ऑलमंड फोर्क
७ जून

चि. व्हर्नास,
अ. उ. आ.

आठ दिवसांचे बारा झाले, तुमच्या दोघांचंही पत्र नाही. काल रेडिओवर आखातातल्या वादळाबद्दल सांगितलं. तुमच्या पार्कच्या ऑफिसात काल सहा वेळा आणि आज चार वेळा फोन केला. काल नुसता वाजत राहिला. आज वाजतही नाही.

मी डेलला शब्द दिला नव्हता, म्हणून मोडतही नाही. तो ट्रक चालवू शकत नाही, व्हर्ना. तो कबूल करणार नाही. ट्रेलरचा मोह सोड, भांडीकुंडी सोड. किल्ली पिठाच्या डब्यात तळाशी आहे. ती काढ, त्याला शेजारच्या सीटवर बसव आणि नीघ. मला माहीत आहे, हे पत्र तुला आठवड्यानं मिळेल. तरी लिहिते, कारण नुसतं बसवत नाही.

तुझी ताई

*

शाळेचं सभागृह, कॅल्डर वेल्स, टेक्सस
१३ जून

ती. ओपलताईस,
व्हर्नाचा सा. न. वि. वि.

आम्ही दोघं सुखरूप आहोत. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, नमस्काराच्याही आधी.

गेल्या काही दिवसांत पार्कच्या पत्त्यावर काही लिहिलं असशील, तर ते मिळालेलं नाही आणि मिळणारही नाही. तिथं आता ऑफिस नाही, पाट्या नाहीत, आमचं घरही नाही. हार्लन काल जाऊन बघून आला. म्हणाला, की तुमची बावीस नंबरची जागा कुठली तेही ओळखू येत नाही.

ताई, मी तुझ्याशी खोटं बोलले. पहिल्या पत्रापासून. आमच्या नेहमीच्या पार्कात जायचं वळण डेलकडून चुकलं होतं. मला ते दिसलं आणि मी गप्प बसले. तो नवा मुक्काम करू म्हणाला, मी हो म्हटलं. ट्रेलर मागं घेताना आरशात त्याचा चेहरा मला दिसत होता. त्याला माझे हात दिसत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. त्या चेहऱ्याला मी हसले असं तुला लिहिलं. मी हसले नव्हते. रोझलिंडानं आम्हाला राहायचा आग्रह केलेला नाही, हेही ठाऊक होतं. ती तर मला रोज निघा म्हणायची. आणि त्यानं लपवलेल्या ट्रकच्या किल्लीचं काय सांगू? पिठाच्या डब्यात किल्ली लपवणाऱ्या माणसाची बायको रोज त्याच डब्यातून पीठ घेते. बिस्किटं करताना ती हाताला लागायची. मी पुसून पुन्हा तळाशी ठेवायचे. मला वाटायचं, आपण कुठं निघालोच नाही, तर त्याला चालवता येत नाही हे कुणालाच कळायचं नाही, त्यालाही नाही. तू मला शिकायला सांगितलंस, म्हणून तर राग आला. मी शिकले असते, तर त्याला कळलं असतं. एक एक आठवडा मीच मागून घेत होते, ताई. खडू फक्त त्याच्या हातात होता.

सात तारखेला सकाळी झेंडा चढला. रोझलिंडा दारं वाजवत फिरली. हार्लननं आम्हाला त्याच्या ट्रकमध्ये बसा म्हटलं, पण त्यात दोन म्हाताऱ्या आधीच होत्या. डेल पायरीवर टोमॅटोकडं बघत बसला होता. म्हणाला, की अजून एक आठवडा राहू. मी आत गेले, पिठात कोपरापर्यंत हात घातला आणि किल्ली काढून त्याच्यासमोर धरली. आम्ही एकमेकांकडं बघितलं. पांढऱ्या पिठानं माखलेला माझा हात बघून त्याला सगळं कळलं असावं, आणि मला त्याचं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तो त्या दारानं ट्रकमध्ये चढला, ज्या दारानं मी चढते.

ट्रेलर तिथंच सोडला. मी ट्रक कसा चालवला ते विचारू नकोस. पुलावर पाणी आलं होतं, रस्ता दिसत नव्हता, कठड्याच्या अंदाजानं गेले. डेलनं एकदाही आरडाओरडा केला नाही. हळू आवाजात सांगत राहिला, क्लच सोड, आता दाब, शाबास. त्या पुलावर त्याला सगळं आठवत होतं. मला वाटलं, उगीच घाबरलो आपण, हा तर बरा आहे.

पूल उतरल्यावर फाटा लागला. डेल ठामपणे म्हणाला, डावीकडं घे. डावीकडचा रस्ता परत समुद्राकडं जातो, तिथं पाणी चढताना दिसत होतं. संसारात रस्त्याच्या बाबतीत मी त्याचं कधी मोडलेलं नाही. मी उजवीकडं वळले आणि श्वास रोखून बसले, की आता हा चिडेल, आता ओरडेल.

त्याच्या ते लक्षातच आलं नाही. शाबास म्हणाला.

पाणी ओसरलं की निघतो. गाडी मीच चालवणार, तेव्हा सावकाश येऊ. तू काही बोलू नकोस, फक्त दारात उभी राहा.

तुझी,
व्हर्ना