ऐनाची पानगळ

२५ ऑक्टोबर १९६४, रविवार
संकल्प: छायाचित्र स्पर्धेत पहिलं बक्षीस. विषय ‘पानगळ’. मुदत १५ डिसेंबर. मेहुण्यांचा कॅमेरा मागून आणला. विलायती मासिकात स्वच्छ छापलंय, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जंगल झडतं. मेहुणे हसले. जळतात. जिंकलो की सासरी ताठ मानेनं जाईन.

१ नोव्हेंबर
मळवलीला उतरून भाज्याच्या रानात. ऐनाचं एक झकास झाड हेरलं. पान पडेना. खाली बायडाबाई नावाच्या म्हाताऱ्या गवत कापत होत्या. म्हणाल्या, आत्ता कुटं, भाऊ? पानं शिमग्याला गळत्यात. बिचाऱ्या अडाणी. मासिक दाखवलं. चित्र बघून विचारलं, ह्ये झाड मेलंय व्हय?

६ नोव्हेंबर, भाऊबीज
शालू एकटीच माहेरी गेली. कलावंताच्या बायकोनं एवढं सोसायला हवं. मी दिवसभर ऐनाखाली. दुपारी पान पडलं! एक. तेही कावळा उडाला म्हणून. फोटोत बहुधा कावळाच आलाय.

२२ नोव्हेंबर
थंडी मस्त. कॅज्युअल लीव्ह संपली. ऐन हिरवागार. मासिक चुकणार नाही. मावळच मागासलेला.

६ डिसेंबर
निसर्गाला थोडी मदत केली तर बिघडलं कुठं? बायडाबाईंचे मालक धोंडिबा, त्यांना फांदी हलवायला वर चढवलं. म्हणाले, लय मुंग्या हायती, सायेब. म्हटलं, हलवा. पानं पडली सहा. मुंग्या झाडून सगळ्या, माझ्या सदऱ्यात. धोंडिबा वरून ओरडले, नाचू नका, जास्त चावत्यात. तशातही खटका दाबला. फोटो हलला असेल. त्याला गती म्हणतात.

१० जानेवारी १९६५
फोटो परत. शेरा: ‘पानगळ दिसत नाही. झाड भरगच्च आहे.’ परीक्षक कधी जंगलात गेले नसावेत. मेहुणे कॅमेरा घेऊन गेले. शालूनं त्यांना चहाबरोबर चिवडाही दिला. मला नुसता चहा.

१८ मार्च, धुळवड
शालूला भाज्याला नेलं. झाड दाखवावं म्हणून. ऐन सडासडा गळत होता. डोक्यावर, खांद्यावर, चपलेत पानं. बायडाबाई ती पाट्यांत भरत होत्या, भाताची रोपं टाकायच्या जागी, राबावर जाळायला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, आलायसा तर पाटी उचला. सात पाट्या वाहिल्या. आठवीत मासिकही घातलं.
शालू बांधावर बसून पोट धरून हसत होती. दिवाळीनंतर पहिल्यांदाच. फार गोड दिसत होती. कॅमेरा मेहुण्यांच्या कपाटात.