कामाचे कपडे

अहो,

तुमचा मुलगा आणि सून मूल होऊ द्यायच्या आधी तपासणी करून आले. मी म्हटलं, "दुखत नाही, खुपत नाही, कसली तपासणी?" सून म्हणाली, "आई, आधी बघितलेलं बरं." निघालं बघा, दोघांच्याही रक्तात शिसं. तो तुम्ही होतात त्याच कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडतो, त्याचं समजलं. पण ही तर तिथली पायरीही चढलेली नाही! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याचे कामाचे कपडे घरात कोण धुतं?"

कपड्यांवरच्या शिशाच्या धुळीनं पोटातलं मूलही जातं, म्हणाल्या. तुमचे कपडे मीच झटकायचे, मीच धुवायचे. याच्याआधीची माझी दोन पोटातच गेली. "हिचं पोटच नासकं," सासूबाई चारचौघांत म्हणायच्या. तुम्ही मुकाट जेवत राहायचात.

तो दुसरं काम शोधतोय. तोवर मूल नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. मी सुनेच्या हातातली बादली हिसकावून घेतली. आता मीच धुते. माझं काय बिघडायचं राहिलंय?

तिकडे सासूबाई भेटल्या तर सांगा, पोट नासकं नव्हतं. निदान या वेळी तरी तोंड उघडा.

तुमची बायको